ताम्रपत्रामागील दप्तर

औरंगाबादच्या गुलमंडी, औरंगपुरा किंवा खडकेश्वर येथील एखाद्या जुन्या घरात, अथवा पैठण, अंबड, भोकरदनकडील एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, देवादिकांच्या तसबिरी आणि घरातील दिवंगतांची छायाचित्रे यांच्या रांगेत, लाकडी चौकटीत बसविलेला तांब्याचा एक पत्रा अद्यापि क्वचित दृष्टीस पडतो. वरच्या अंगास सिंहमुद्रा आहे आणि तिच्याखाली हिंदी भाषेत एवढाच मजकूर आहे की, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त, स्वातंत्र्यसंग्रामातील स्मरणीय योगदानाबद्दल, राष्ट्राच्या वतीने पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी हे ताम्रपत्र भेट दिले. १५ ऑगस्ट १९७२, राष्ट्रीय पंचांगाप्रमाणे २४ श्रावण १८९४, हा त्या समारंभाचा दिवस. दिवाळीच्या साफसफाईत घरातील कोणी चिंच लावून तो घासला म्हणजे चार दिवस लखलखतो आणि पुन्हा काळवंडतो. परंतु कितीही उजळला तरी ज्याला तो मिळाला त्याने नेमके काय केले, हे काही त्यावरून वाचावयास मिळत नाही. तुरुंग कोणता, शिक्षा किती महिन्यांची, नाका कोणता जाळला आणि बरोबर कोण होते, याविषयी पत्रा पूर्ण मौन बाळगून असतो.

ज्या भूमीत हे पत्रे आले त्या भूमीला ताम्रपट अपरिचित नव्हते. वेरूळचा राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा ताम्रपट इ. स. ७४२ चा, पैठणचा तिसऱ्या गोविंदाचा इ. स. ७९४ चा, आणि देवगिरीच्या रामचंद्र यादवाचा शके ११९३ चा, म्हणजे इंदिराबाईंच्या ताम्रपत्राहून सुमारे सातशे वर्षांनी वडील असा, ताम्रपटही त्याच पैठणात मिळाला. त्या राजपटांची रीत अशी की, कडीत ओवलेले दोन-तीन पत्रे आणि कडीवर राजमुद्रा. आरंभी दात्याच्या कुळाची भारदस्त प्रशस्ती, मग दान घेणाऱ्याचे गोत्र, शाखा आणि मूळ गाव, त्यानंतर दिलेल्या गावाच्या चतुःसीमा, आणि अखेरीस हे दान जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होईल, असा सणसणीत शाप. म्हणजे सन्मान, सन्मानाचे कारण आणि त्याचा पुरावा ही तिन्ही एकाच धातूवर कोरलेली असत, आणि तो पट घेऊन धनी कोणत्याही पाटलापुढे वा देशमुखापुढे निर्धास्त उभा राहू शके. १९७२ साली या तिहींची फारकत झाली. सन्मान तांब्यावर राहिला, पुरावा सरकारी दप्तरात गेला. आणि पुढील पन्नास वर्षांत जे काही भांडण, कज्जे आणि मनस्ताप झाले ते सर्व त्या दप्तरापायी झाले. तेव्हा प्रस्तुत लेख पत्र्याविषयी थोडा आणि दप्तराविषयी अधिक असल्यास वाचकांनी नवल मानू नये.

प्रथम एवढे पाहू की, जो देश १९४७ साली स्वतंत्र झाला त्याला आपल्या सैनिकांच्या हाती काही ठेवण्यास पंचवीस वर्षे का लागली. याचे एक कारण असे की, आमच्या पुढाऱ्यांच्या पिढीला किताब या वस्तूचीच शिसारी आलेली होती. रावसाहेब, रावबहादूर, सर या पदव्यांनी इंग्रजांनी कित्येकांची तोंडे बंद केली होती. निजामाच्या राज्यात तर किताबांचा सुकाळ विचारू नका. जंग, दौला, मुल्क, उमरा आणि जाह अशा चढत्या श्रेणीने दरबारी मंडळींची नावे लांबत जात, आणि खुद्द निजाम मीर उस्मान अलीखान यांस इंग्रज सरकारने ‘विश्वासू दोस्त’ ही उपाधी दिलेली होती. अशा वातावरणातून उठलेल्या लोकांनी राज्यघटना लिहावयास घेतली तेव्हा अनुच्छेद १८ अन्वये लष्करी आणि विद्याविषयक उपाध्यांखेरीज बाकी सर्व किताब राज्याने देण्यास मनाई केली, हे ओघानेच झाले. पुढे २ जानेवारी १९५४ रोजी भारतरत्न आणि पद्म पुरस्कार स्थापन झाले खरे, तथापि तेही किताब नव्हेत, ते नावामागे वा पुढे लावता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाला १९९५ साली द्यावा लागला. आणि मधल्या काळात, १९७७ पासून १९८० च्या आरंभापर्यंत, जनता सरकारने पद्म पुरस्कार बंदच ठेवले होते.

परंतु विनोद असा की, ‘भारतीय स्वातंत्र्य’ हे शब्द ज्यावर कोरलेले आहेत असे एक अधिकृत पदक या सर्वांच्या आधीच अस्तित्वात आले होते, आणि ते मिळाले स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांस नव्हे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे सैन्यात नोकरीवर होते त्यांस द्यावयाचे हे पदक. केशरी, पांढरी आणि हिरवी फीत, मध्ये अशोकचक्र, आणि त्या चक्राच्या माथ्यावर ब्रिटिश राजमुकुट. त्याची सनद राजे सहावे जॉर्ज यांच्या नावे २१ जुलै १९४८ रोजी निघाली. ज्या महिन्यात लंडनच्या दरबारातून ही सनद निघाली त्याच महिन्यात मराठवाड्यातील खेड्यांतून लोक बैलगाड्यांत भांडी-अंथरुणे भरून सरहद्दीपलीकडे जात होते, कारण येथे स्वातंत्र्य अद्यापि आलेलेच नव्हते.

बाहेरच्या वाचकांस हा हिशेब चटकन ध्यानात येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच मराठी जिल्हे सोळा जिल्ह्यांच्या हैदराबाद संस्थानात मोडत. तेथे स्टेट काँग्रेस १९३८ साली जन्मली ती बंदीहुकूम डोक्यावर घेऊनच. स्थापनेपूर्वीच तिच्यावर बंदी आली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला, आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजापासून उस्मानिया विद्यापीठापर्यंत कित्येकांची नावे पटावरून गेली, ते नागपूर विद्यापीठाच्या आश्रयाने शिकले. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, अनंत भालेराव या पुढाऱ्यांची नावे मराठवाड्यात पोरासोरांनाही ठाऊक आहेत. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली काढलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर निजाम सरकार बंदी घाली आणि वाघमारे निराळे नाव लावून तेच पत्र पुन्हा काढीत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत तिरंगा चढला त्या दिवशी स्वामीजींना हैदराबादेत अटक झाली. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकार या निमलष्करी संघटनेचा हैदोस, आणि अखेरीस १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या अधिपत्याखाली सुरू झालेली, आमच्याकडे जिला लहानथोर सारे ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात ती लष्करी कारवाई. १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली आणि तेरा महिने उशिरा येथे स्वातंत्र्य पोहोचले.

या तेरा महिन्यांतील लढा एका ठिकाणी नव्हता आणि एका प्रकारचा तर मुळीच नव्हता. सोलापूर, बार्शी, उमरखेड, मनमाड अशा हद्दीपलीकडील गावांत सरहद्दीवरील शिबिरे उघडली गेली. तेथे गावोगावची वीस-बावीस वर्षांची पोरे जमत, बंदूक धरावयास शिकत, रात्री हद्द ओलांडून करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळीत, पोलीस पाटलाचे दप्तर पेटवीत, तारा तोडीत आणि पहाटेस परत येत. शिंदीची झाडे तोडून सरकारचा आबकारी महसूल बुडविणे, लेव्हीचे धान्य देण्यास नकार देणे, हेही त्यातच आले. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर छापा पडला. त्या पैशाचा पै न पैचा हिशेब ठेवला होता, असे त्या पिढीतील लोक अभिमानाने सांगत. येथे मला एक गोष्ट कौतुकास्पद आणि थोडी चमत्कारिक वाटते: ज्या चळवळीने पैशाचा हिशेब इतका चोख ठेवला तिने माणसांची हजेरी मात्र कागदावर ठेवली नाही. आणि ठेवणार तरी कशी? शिबिरातील यादी जर रझाकारांच्या हाती लागती तर यादीतील प्रत्येकाचे घर दुसऱ्या दिवशी जळाले असते. कागद नसणे हीच गुप्त चळवळीची कवचकुंडले होती.

आता दप्तराकडे वळू. केंद्र सरकारने १९६९ साली अंदमानच्या जुन्या राजबंद्यांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले होते. १९७२ च्या ताम्रपत्रांबरोबर सर्व स्वातंत्र्यसैनिकांसाठी व्यापक योजना आली. दरमहा किमान २०० रुपये, आणि तेही ज्याचे वार्षिक उत्पन्न ५००० रुपयांच्या आत असेल त्यास. १ ऑगस्ट १९८० पासून उत्पन्नाची अट गेली, रक्कम ३०० झाली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला; म्हणजे जे आरंभी गरजवंताला साह्य होते ते आता राष्ट्राने मानकऱ्याला दिलेले मानधन ठरले. सैनिक कोणास म्हणावे याची व्याख्याही योजनेत आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. सहा महिने तुरुंगवास, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे सैनिक यांच्या बाबतीत तीन महिने. किंवा सहा महिने भूमिगत असणे, परंतु त्या काळात फरारी घोषित झालेला असणे, डोक्यावर इनाम लागलेले असणे अथवा स्थानबद्धतेचा हुकूम निघूनही तो बजावता न आलेला असणे आवश्यक. किंवा नजरकैद, हद्दपारी, मालमत्तेची जप्ती, गोळीबारात वा लाठीमारात आलेले कायमचे अपंगत्व, चळवळीपायी गेलेली सरकारी नोकरी. किंवा फटक्यांची शिक्षा, मात्र फटके किमान दहा. नऊ फटके खाल्लेल्या मनुष्याने काय करावे, असा प्रश्न ज्या लिपिकाच्या मनात प्रथम आला असेल त्याची कीव करावी तितकी थोडी.

या व्याख्येचा बारकाईने विचार केला असता असे दिसते की, तिच्यातील जवळजवळ प्रत्येक कलमाचा दाखला शत्रूने दिलेला असावा लागतो. तुरुंगाची नोंद निजामाच्या तुरुंगाधिकाऱ्याने केलेली, फरारीचा जाहीरनामा निजामाच्या पोलिसाने काढलेला, जप्तीचा पंचनामा निजामाच्या तहसीलदाराने लिहिलेला. सरकारला ज्याने जितके अधिक चुकविले तितका त्याचा पुरावा दुबळा. आणि जो पहिल्याच मोर्चात सापडून सात महिने आत राहिला त्याचे काम एका कागदात झाले. यात सापडलेल्यांचा कमीपणा नाही, कारण निजामाच्या तुरुंगातील भाकरी आणि चक्की ही काही चेष्टा नव्हती. परंतु कसबी मनुष्याला त्याच्या कसबाचीच शिक्षा व्हावी, असे या नियमांचे फलित झाले हे खरे.

बरे, कागद असला तरी तो वाचणार कोण? निजामाचा कारभार उर्दूत आणि फसली सनात. आजूर, दय, बहमन, इस्फंदार असे महिने. वर्षाचा आरंभ ऑक्टोबरच्या प्रथम सप्ताहात. फसली सनात ५९० मिळविले म्हणजे ढोबळमानाने इसवी सन हाती येतो, म्हणून १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. परंतु हे वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने पहिल्या तीन महिन्यांत बेरीज ५९० ची आणि पुढे ५९१ ची करावी लागते; ही खुबी ज्याला ठाऊक नाही अशा लिपिकाच्या हिशेबात तुरुंगात गेलेला मनुष्य प्रवेशाआधीच सुटलेला दिसावयाचा. शिकस्त वळणाच्या उर्दू अक्षरात गावाचे नाव बिनानुक्त्याचे लिहिलेले, बापाचे नाव अर्धे, आडनावाचा पत्ता नाही, कारण त्या काळी खेड्यात ‘ज्ञानोबा वल्द तुकाराम’ एवढ्यावर भागे. आणि अर्जदार आता ज्ञानेश्वर तुकाराम अमुक-पाटील झालेला. दोन्ही मनुष्य एकच, हे सिद्ध करावयास पुन्हा प्रतिज्ञालेख, पुन्हा तलाठ्याचा दाखला, पुन्हा जिल्हाधिकारी कचेरीची वारी.

सरहद्दीवरच्या शिबिरांतील मंडळींची तर याहून बिकट अवस्था. पुढे केंद्राने अशा शिबिरांना मान्यता दिली, हैदराबाद लढ्याच्या प्रकरणांसाठी निराळी छाननी समिती नेमली. राज्यात जिल्हा गौरव समित्या आणि त्यांच्यावर उच्चाधिकार समिती आली. ४ जुलै १९९५ च्या शासन निर्णयाने भूमिगत सैनिकांनी कोणते पुरावे द्यावेत हे ठरवून दिले. त्यांतील गाभा असा की, मूळ दप्तर उपलब्ध नसल्याचा दाखला आणावा आणि दीर्घ कारावास भोगलेल्या जुन्या सैनिकांनी अर्जदारास ओळखत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे. कागद नाही तर माणसाची साक्ष, हे सूत्र मला न्याय्य वाटते. सगळ्या जगात गुप्त सेनांची ओळख पटविण्यास याहून दुसरा मार्ग सापडलेला नाही. आयर्लंडचे उदाहरण घ्या. १९१७ ते १९२१ या लढ्यातील सैनिकांसाठी तेथील सरकारने १९४२ साली पदक काढले. त्याची फीत अर्धी काळी आणि अर्धी पिंगट, म्हणजे ज्या इंग्रज भाडोत्री पोलिसांशी ते लढले त्यांच्या गणवेशाचीच टवाळी. प्रत्यक्ष शस्त्र धरलेल्यांच्या फितीवर ‘लढा’ या अर्थाच्या आयरिश शब्दाची पट्टी, बाकीच्यांची फीत मोकळी. कोणाला पट्टी आणि कोणाला मोकळी, हे ठरविण्यास पुन्हा जुन्या तुकड्यांच्या नायकांची साक्ष, आणि त्यावरून वर्षानुवर्षे रुसवेफुगवे. बांगलादेशाने आपल्या १९७१ च्या युद्धानंतर १९७३ साली ७ बीरश्रेष्ठ, ६८ बीर उत्तम, १७५ बीर बिक्रम आणि ४२६ बीर प्रतीक असे मानकरी जाहीर केले. हा आकडा लहान, म्हणून जवळजवळ स्थिर राहिला. परंतु सर्वसाधारण मुक्तियोद्ध्यांच्या याद्या मात्र प्रत्येक सरकारबरोबर बदलत गेल्या.

आमच्या येथेही साक्षीच्या या सूत्राला कीड लागली, आणि ती बीड जिल्ह्यात सर्वांत उघडपणे दिसली. निवृत्तिवेतन वाढत गेले, त्याबरोबर एस. टी. चा आणि रेल्वेचा मोफत प्रवास आला, सैनिकाने नामनिर्देशित केलेल्या पाल्याला सरकारी नोकरीत सवलत आली. आणि मग ज्यांचे वय पोलीस ॲक्शनच्या वेळी पाटी-दप्तराचे होते असे गृहस्थही हातबॉम्ब फेकल्याच्या कहाण्या शपथेवर सांगू लागले. ज्या वृद्ध सैनिकाच्या सहीला किंमत होती त्याच्या ओसरीवर गर्दी होऊ लागली. सगळ्यांनीच पैसे घेतले असे म्हणणे घोर अन्याय होईल; पुष्कळांनी भिडेखातर, गावकीखातर, ‘बिचाऱ्याच्या पोराचे कल्याण होईल’ म्हणून सह्या केल्या असाव्यात, आणि वयोमानाने स्मृती अंधुक झाल्यावर समोरचा मनुष्य आत्मविश्वासाने सांगतो ते खरे वाटू लागते, हाही मनुष्यस्वभावच. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेले, निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांचा आयोग बसला, आणि अखेर भाऊराव परळकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असे ठणकावले की, खऱ्या सैनिकाचा सन्मान राखावयाचा तर खोट्याला हुडकून बाहेर काढलेच पाहिजे.

याच न्यायालयाने त्यापूर्वी दुसऱ्या बाजूचाही कान धरलेला होता, आणि तेही मराठवाड्याशी निगडित प्रकरणात. १९३८-३९ साली आर्य समाजाने निजामाविरुद्ध जो सत्याग्रह केला त्यात पंजाबापासून दक्षिणेपर्यंतचे लोक तुरुंगात गेले. तो धार्मिक हक्कांसाठी होता की स्वातंत्र्यासाठी, यावर सरकारने दीर्घ काळ काथ्याकूट केला आणि १९८५ साली कुठे त्याला मान्यता दिली. तोवर अर्जाच्या मुदती उलटून गेल्या होत्या. मुकुंदलाल भंडारी यांच्या प्रकरणात १९९३ साली न्यायालयाने सांगितले की, देशासाठी सोसलेल्यांना मुदतीच्या तांत्रिक कारणास्तव परत पाठविणे योजनेच्या हेतूला विसंगत आहे, आणि अर्ज सरकारला पोहोचल्या दिवसापासून त्यांस वेतन द्यावे. पुढे गुरदियालसिंग यांच्या खटल्यात २००१ साली तर असे म्हटले की, फौजदारी खटल्यातील आरोपीविरुद्ध लागतो तसला निःसंशय पुरावा या वृद्धांकडे मागू नये, संभवनीयतेची कसोटी पुरे. आता हे दोन्ही आदेश एकाच टेबलावर ठेवून काम करणाऱ्या जिल्हाधिकारी कचेरीतील अव्वल कारकुनाची स्थिती डोळ्यांपुढे आणा. उदार व्हावे तर भामटे शिरतात, कठोर व्हावे तर ऐंशी वर्षांचा खरा सैनिक पायरीवर बसून राहतो. मला विचाराल तर, चार भामट्यांना पोसण्याचा तोटा पत्करूनही एका खऱ्याला दारातून परत न पाठविणे अधिक श्रेयस्कर. पण हे मी सरकारी तिजोरीचा जबाबदार नसल्यामुळे सहज लिहू शकतो, हेही कबूल.

व्याख्येच्या बाहेर राहिलेल्यांची यादी कोणी केलेली नाही. शिबिरातील पोरांसाठी रोज रात्री भाकऱ्या थापणारी आणि दिवसा काहीच घडले नाही असा चेहरा करून पाण्याला जाणारी बाई कोणत्या कलमात बसते? बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखी, घोड्यावर मांड टाकणारी आणि बंदूक चालविणारी स्त्री निदान लोकांच्या तोंडी राहिली. बाकीच्या घराच्या चुलीपाशीच राहिल्या. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी अर्जापूर येथे मारले गेलेले स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे, किंवा ‘इमरोज’ पत्रातून रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत भररस्त्यात कापले गेलेले संपादक शोएबुल्लाखान यांना पुरावा शोधण्याची आवश्यकता उरली नाही, एवढेच. शोएबुल्लाखानांच्या मृत्यूनंतर सुमारे दीड वर्ष झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी राजप्रमुख म्हणून हैदराबाद राज्याच्या शिखरावर बसले ते मीर उस्मान अलीखानच. हे पद त्यांच्याकडे १९५६ पर्यंत होते. राजकारणात असे सौदे करावे लागतात, हे समजते; पण ज्या सैनिकाला आपला तुरुंगवास सिद्ध करण्यास १९८५ उजाडले त्याला ते समजावून देणे अवघड आहे.

पुढाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हेही पाहण्यासारखे आहे. स्वामी रामानंद तीर्थ २२ जानेवारी १९७२ रोजी निवर्तले, ताम्रपत्रांच्या समारंभाआधी सात महिने; संन्याशाला तांब्याचे काय आणि सोन्याचे काय, हे निराळे. गोविंदभाई श्रॉफ यांना १९९२ साली पद्मविभूषण जाहीर झाले, आणि त्याच वर्षीच्या यादीत तेलंगणच्या शेतकरी उठावाचे साम्यवादी नेते रावी नारायण रेड्डी आणि वरंगळचे कवी काळोजी नारायणराव हेही होते. एकाच निजामाविरुद्ध तीन निरनिराळ्या मार्गांनी लढलेली तीन माणसे, राज्य बुडून चव्वेचाळीस वर्षे झाल्यावर एका यादीत आली. गोविंदभाई पुढेही मराठवाड्याच्या पाण्यासाठी, विकासाच्या अनुशेषासाठी भांडत राहिले ते २००२ साली देह ठेवीपर्यंत.

सतरा सप्टेंबरला औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातील मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभापुढे दरसाल ध्वजवंदन होते. एके काळी तेथे पांढऱ्या टोप्यांच्या दोन-तीन रांगा सहज भरत. आता सैनिकांसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्यांवर त्यांचे नातू-पणतू बसतात, कारण पोलीस ॲक्शनच्या वेळी जो सतरा वर्षांचा होता त्याने आता नव्वदी ओलांडली. वेतनाची रक्कम मात्र या काळात भरीव झाली. केंद्राने २०१६ साली सर्वसाधारण सैनिकाचे मूळ वेतन दरमहा २६,००० आणि अंदमानच्या बंद्यांचे ३०,००० केले; राज्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय स्वातंत्र्यसंग्राम, मराठवाडा मुक्तिसंग्राम आणि गोवा मुक्तिसंग्राम या तिन्हींतील सैनिकांचे १०,००० चे २०,००० केले. आता ते पोहोचते बहुतांशी विधवांकडे, आणि त्यांच्या पश्चात, केंद्राच्या नियमाप्रमाणे, अविवाहित आणि बेरोजगार मुलींकडे, एका वेळी अधिकाधिक तिघींकडे. त्या विधवांपैकी जिचे नाव पतीच्या मूळ अर्जात पत्नी म्हणून चढलेले नव्हते तिला हल्ली आपला विवाह सिद्ध करावा लागतो. तो झाला फसली सनात, गावच्या मारुतीपुढे, नोंदणी नावाचा प्रकार ठाऊक नसताना. भटजी गेले, मामा गेले, अंतरपाट धरणारे गेले. तेव्हा ती पुन्हा गावातील कोणी जिवंत म्हातारा शोधून त्याची सही घेते, आणि दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीच्या दाखल्यावर आपला अंगठा उठविते.